मायाची रेघ

संघपाल कूलरची जुनी खस काढून नवी भरत होता. एप्रिल अर्धा सरला होता आणि माया रोज निघताना म्हणायची, "आज तरी बसवा. आई पदरानं वारा घेऊन राहिली." आज कुठे मुहूर्त लागला होता. हात ओले होते, बोटांना गंजलेल्या जाळीचा लाल रंग लागला होता. तेवढ्यात फोन वाजला. लतिकाचा होता. सावनेरची ही मुलगी मायाच्या प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती आणि घरी येऊन-जाऊन असायची.

"काका, तुम्ही लवकर या ना. काकूंना बरं वाटून नाही राहिलं."

"काय झालं?"

"तुम्ही या ना. मॅडम पण आहेत इथं. अन् सोबत कोणाले तरी घेऊन या."

संघपाल गजभिये पोलिसात हवालदार होता. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. असे फोन त्याने नोकरीभर स्वतः केले होते. गाडीखाली कोणी आलं, विहिरीत कोणी सापडलं, तर घरच्यांना फोनवर खरं सांगायचं नसतं. तब्येत बरी नाही, लवकर या, एवढंच म्हणायचं. आणि शेवटी, सोबत कोणाला तरी आणा, हे जोडायचं. वरच्या लोकांनी तसंच शिकवलं होतं. लतिकाला हे कोणी शिकवलं नव्हतं, पण तिच्याही तोंडून तेच निघालं. त्याला कळायचं ते कळलं.

त्याने नळावर हात धुतले. सासू, कौसल्याबाई, दारात भाजी निवडत बसली होती.

"कोनाचा फोन होता, जवाईबापू?"

"ऑफिसचा."

"तुमचं कोनतं ऑफिस राहिलं आता?"

त्याने शेजारच्या विक्कीला हाक मारली, त्याच्या मोटारसायकलवर मागे बसला आणि हुडकेश्वरच्या घरून निघाला. वाटेत विक्कीने दोनदा विचारलं, "भाऊ, झालं काय?" दुसऱ्यांदा संघपाल म्हणाला, "तू गाडी चालव गा. वहिनी गेली."

मेंदूतली नस फुटली होती. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून ती खुर्चीत बसली आणि तशीच कलली. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. संघपालने तेही वाक्य अनेकांना सांगितलं होतं. आज ऐकून घेतलं.

*

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरापुढे मांडव घातला. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारी मायाचा फोटो ठेवला. वंदना झाल्यावर मायाच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, अरुंधती मॅडम, बोलायला उभ्या राहिल्या. प्रथिनांचे तुकडे ओळखायची गुणपद्धती मायाताईंनी आमच्याकडे उभी केली, बाहेरगावचे लोक आपली माहिती त्यांच्याकडून तपासून घेत, असं त्या म्हणाल्या. पुढे त्यांना बोलवेना. खाली बसल्या.

मांडवातल्या लोकांनी माना हलवल्या. कोणाला काही समजलं नव्हतं. जेवणं सुरू झाल्यावर विक्की संघपालजवळ येऊन बसला.

"भाऊ, खरं सांगू का, वहिनी लॅबमध्ये जातात एवढंच मले माहीत होतं. नेमकं काय करत होत्या?"

"मशीनमधून रक्ताच्या तुकड्यांचं चित्र येते. ते चित्र कोणाचं, हे ती ठरवे. मार्क देऊन."

"म्हणजे छत्तीस गुण जुळतात का पाहाचं, तसं?"

"कुंडली नाही गा बावा!" संघपाल एवढ्या जोरात म्हणाला की वाढणारी पोरं थांबली. "कुंडलीत कोणाचे गुण खोटे, हे पाहाची सोय आहे का? तिच्याजवळ होती. सोय तिनंच केली होती."

त्याला खूप सांगायचं होतं. पण विक्कीच्या पानात भात आला आणि गोष्ट तिथेच राहिली.

सांगायचं होतं ते असं. नोकरीत असताना संघपालकडे एक काम हमखास यायचं. ओळख परेडसाठी डमी गोळा करायचं. आरोपी एकटा उभा केला तर साक्षीदार त्याच्यावरच बोट ठेवणार. म्हणून त्याच्यासारखी दिसणारी साधी माणसं त्याच्या बाजूला उभी करतात. त्यांना डमी म्हणतात. आरोपी दाढीवाला असेल तर डमीही दाढीवाले, ठेंगणा असेल तर डमीही ठेंगणे. संघपाल चहाच्या टपरीवरून, बसस्टँडवरून अशी माणसं नेमकी हेरून आणायचा. परेड घेणारे नायब तहसीलदार म्हणायचे, गजभियेचे डमी असले की आरोपी कोणता ते मलाच कळत नाही. या शाबासकीचा त्याला अभिमान होता.

एकदा जेवताना मायाने विचारलं होतं, "साक्षीदारानं डमीवरच बोट ठेवलं तर?"

"बहुत वेळा ठेवते. एकदा तं एका बाईनं पानठेलेवाल्याले धरलं. हाच तो म्हणे, मंगळसूत्र यानंच ओढलं. तो बिचारा रडाले लागला. मले म्हणे, साहेब, तुम्ही तं चहा पाजाले आणलं होतं!"

माया इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी प्याली आणि मग एकदम गंभीर झाली.

"अहो, माझंही हेच काम आहे."

"तू कायले पानठेलेवाले धरतेस?"

"ऐका तर. मशीन प्रोटीनच्या तुकड्याचं वजन करते, मग तो तुकडा आणखी फोडते. हातात येते काड्यांचं चित्र. एखादी काडी उंच, एखादी बुटकी. आता हे चित्र कोणत्या तुकड्याचं? कॉम्प्युटरजवळ साऱ्या प्रोटीनची यादी असते. तो एकेक नाव घेते, त्याच्या काड्या कशा पडल्या असत्या ते मांडते, चित्राशी जुळवते अन् मार्क देते. ज्याले जास्त मार्क, तो पहिला."

"मग झालं तं काम."

"कुठं झालं? पहिला तर कोणीतरी येतेच. सारा वर्ग नापास झाला तरी पहिला नंबर कोणाचा तरी असते ना?"

संघपालने घास हातातच ठेवला. "मग खरा कोणता, हे कसं समजाचं?"

"डमी. जेवढी खरी नावं, तेवढीच खोटी मी यादीत घालते. खरं नावच उलटं लिहून. वजनाले सारखं, दिसाले सारखं, पण आपण शोधून राहिलो ते नाही. मग पाहते, किती मार्कांपर्यंत डमी वर चढून राहिले. शंभरात एकाहून जास्त डमी घुसाले लागले, की तिथं रेघ ओढते. रेघेच्या खालचं सोडून द्याचं."

"कितीही आवडलं तरी?"

"आवडलं असन तर दोनदा पाहून सोडाचं."

त्या दिवसापासून ते एकमेकांना कामाचं विचारायचे ते असं, "आज किती डमी?" नवऱ्याला आणि बायकोला एकच काम असावं, आणि एकाला ते तुरुंगाच्या अंगणात आणि दुसरीला कॉम्प्युटरसमोर करावं लागावं, याची संघपालला मोठी मौज वाटायची. ठाण्यात तो सांगायचा, माझी मिसेस पण परेड घेते. लोक हसायचे. हसू देत.

*

महिनाभराने तो मायाच्या वस्तू आणायला प्रयोगशाळेत गेला. बाहेर चपला ठेवायच्या मांडणीत तिची आतली चप्पल होती. लतिकाने पिशवी भरून ठेवली होती. वाचायचा चष्मा, स्वेटर, कारण तिथे एसी फार असे, आणि घासून ठेवलेला डबा.

"बसा ना काका. एक दाखवायचं होतं."

तिने मायाच्या कॉम्प्युटरवर एक यादी उघडली. मायाने स्वतःच्या हाताने तयार केलेल्या शेवटच्या नमुन्याची ती होती.

"हे पाहा. सर्वात वर, सर्वात जास्त मार्क. हे केराटिन आहे. त्वचेचं अन् केसांचं प्रोटीन. नमुना बनवताना आपल्या अंगावरचा कण पडला की मशीनले तोच आधी दिसते. आम्ही हातमोजे घालतो, टोपी घालतो, तरी येतेच. एरवी आम्ही ते कचरा म्हणून यादीतून काढून टाकतो." ती थांबली. "हे मी काढलं नाही. नमुना काकूंच्या हातचा होता ना."

संघपाल पुढे वाकला. चित्रात काड्याच काड्या होत्या. उंच काडीवर लाल, बुटक्या काडीवर निळा रंग. त्याने पडद्याजवळ बोट नेलं, पण लावलं नाही. घरात मायाच्या साड्या होत्या, कंगवा होता. पण तिच्या अंगाचा कण, मशीनने तोलून, मार्क देऊन, पहिल्या नंबरावर बसवलेला! आणि तेवढ्यात त्याला विचारावंसं वाटलं.

"तिचंच कशावरून?"

लतिका प्रामाणिकपणे म्हणाली, "तसं नाही सांगता येत, काका. माणसाच्या त्वचेचं आहे, एवढंच समजते. माझंही असू शकते. ज्याचं रक्त घेतलं, त्याचंही."

"मग तिचं आहे म्हणू नको, पोरी. रागावली असती."

"खूप रागावल्या असत्या," लतिका म्हणाली आणि रडता रडता हसली. संघपालही हसला. माया गेल्यापासून तो पहिल्यांदा हसत होता. अशा बाईचा आपण नवरा होतो, असं त्याच्या मनात आलं आणि पिशवी उचलून तो ताठ मानेने बाहेर पडला.

*

पावसाळा सरत आला तेव्हा अरुंधती मॅडम लतिकाला घेऊन घरी आल्या. कौसल्याबाईने चहा ठेवला. मॅडम बराच वेळ कप हातात धरून बसल्या.

"गजभिये, मायाताईंचं शेवटचं काम तुम्हाला माहीत आहे?"

माहीत होतं. सिकलसेलच्या मुलांचं रक्त. या आजारात मुलांना अचानक हाडं फुटल्यासारख्या कळा येतात. कळा येण्याच्या आदल्या दिवशी रक्तात काही बदल दिसतो का, हे शोधायचं होतं. दिसला तर मुलाला आधीच दवाखान्यात नेता येईल. मायाचा धाकटा भाऊ जितेंद्र याच आजाराने शाळेत असताना गेला होता. कौसल्याबाईच्या मांडीवर गेला होता. माया शास्त्राकडे वळली ती त्यामुळेच.

"एक तुकडा सापडलाय," मॅडम म्हणाल्या. "कळा येण्याआधीच्या नमुन्यांत दिसतो, एरवी दिसत नाही. त्यावर लेख तयार आहे. मायाताईंचं नाव पहिलं टाकायचंय. हयात नसलेल्या माणसाचं नाव छापायला घरच्यांची संमती लागते. म्हणून आलेय."

कौसल्याबाई स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली. "पहिलं नाव? माह्या पोरीचं?"

"हो, आजी. सगळ्यात पहिलं."

म्हातारीने पदर तोंडाला लावला. पण लतिका जमिनीकडे पाहत होती. पोलिसात राहिलेल्या माणसाला तेवढं दिसतं.

"लतिका, काय आहे वं?"

तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "सांग. ते सांगायलाच आणलंय तुला."

"काका, तो तुकडा काकूंच्या रेघेच्या खाली होता. एकदम खाली नाही, जरासाच. त्याच्या वरच्या पायरीवर एक डमी उभा होता. काकूंनी तीनदा करून पाहिलं. मग म्हणाल्या, नाही, हा सोडाचा. पुन्हा नमुने घेऊन पाहू."

"मग आता वर कसा आला?"

"यादी लहान केली," मॅडम म्हणाल्या. "आधी माणसाच्या सगळ्या प्रोटीनची यादी होती. आता फक्त रक्तातल्या प्रोटीनची घेतली. यादी लहान झाली की डमीही कमी होतात, आणि तुकडा रेघेच्या वर येतो. यात गैर काही नाही. पुष्कळ लोक असं करतात आणि आम्ही ते लेखात लिहिलंय. पण मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. निकाल पाहिल्यावर यादी बदलायला मायाताईंनी होकार दिला नसता. मी त्यांच्याजवळ बसून काम केलंय. मला माहीत आहे."

"नवे नमुने घेता येत नाहीत का?"

"येतात. पण कळा थंडीत जास्त येतात, तेव्हा घ्यावे लागतील. पुन्हा परवानग्या, पुन्हा मशीनवर वेळ मिळवायचा. वर्ष जाईल. आणि दुसऱ्यांदा तो तुकडा दिसलाच नाही, तर लेखच नाही. त्यांचं नाव मग कुठेच येणार नाही." मॅडमनी कप खाली ठेवला. चहा तसाच होता. "तुम्ही ठरवा. मी आग्रह करणार नाही."

त्या गेल्यावर कौसल्याबाईने संघपालला विचारात पडूच दिलं नाही.

"हो म्हना. आत्ताच फोन करा."

"आई, मायानं तो सोडला होता."

"तिनं सोडला, मॅडमनं धरला. मॅडम काय अडानी हाय?"

"अडाणी नाहीत. म्हणून तं विचाराले आल्या."

"जवाईबापू, मी झाडू मारून तिले शिकवलं. शाळेत झाडू मारला मी, अन् त्याच शाळेत ती पहिली आली. एक पोरगा त्या बीमारीनं नेला. त्या बीमारीच्या कागदावर पोरीचं नाव छापून येईन, ते पाहून मी डोळे मिटीन. तुमाले काहून खुपून राहिलं?"

"खुपत नाही, आई. मलेही पाहाचं आहे."

"मंग?"

"जितेंद्र तिचा भाऊ होता. तो तुकडा खरा निघावा असं तिच्याएवढं कोणाले वाटत असन? तरी तिनं डमी वर पाहिला अन् सोडला. घरी येऊन बोलली पण नाही."

"तुमी पोलिसात राहून राहून तुमाले जिकडे तिकडे डमीच दिसतेत!" म्हातारी कडाडली. "मले माह्या पोरीचं नाव दिसते. बस."

संघपाल अंगणात जाऊन उभा राहिला. हो म्हणायला जड काहीच नव्हतं. मॅडमनी सगळं उघड सांगितलं होतं, कोणी चोरी करत नव्हतं. हो म्हटलं तर म्हातारीच्या हातात तिच्या लेकीचं नाव पडलं असतं, आणि विक्कीपासून ठाण्यातल्या जुन्या लोकांपर्यंत सगळ्यांना त्याला ते दाखवता आलं असतं. हे त्याला फार हवं होतं. पण नाव मायाचं होतं. ते त्याच्या मालकीचं नव्हतं आणि म्हातारीच्याही नव्हतं. ते कोणत्या कामाखाली लिहायचं, हे मायाने जिवंतपणी ठरवून ठेवलं होतं. आणि तिची रेघ हलवायची तर तिला विचारावं लागलं असतं.

त्याने तिथूनच फोन लावला.

"मॅडम, नाव नका टाकू. लेख तुमचा आहे, तुम्हाले योग्य वाटन ते करा. पण तिचं नाव टाकाचं असन तर तिच्या रेघेनं टाका. तुकडा वर आला तर टाका. नाही आला तर राहू द्या."

मॅडमनी आधी म्हातारीचं विचारलं.

"आजी काय म्हणाल्या?"

"शिव्या देऊन राहिल्या."

"मी पण दिल्या असत्या," मॅडम म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्यांच्या नावाशिवाय मीही तो लेख पाठवणार नाही. थंडीत नमुने घेऊ."

कौसल्याबाईने जावयाशी बोलणं सोडलं. त्याचा चहा ओट्यावर ठेवून ती निघून जायची. जेवायला वाढायची, पण भाजी पुन्हा हवी का विचारायची नाही. संघपाल सोसत राहिला. शेजारी कोणी मायाची चौकशी केली की तो सांगायचा, तिचं नाव कोणत्याही कागदावर फुकट येत नाही. हे तो म्हातारीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा.

दिवाळीच्या सुट्टीत लतिका गावाहून आली. सोबत घरच्या भुईमुगाच्या शेंगा होत्या. म्हातारीने त्या सुपात घेतल्या, तिला शेजारी बसवलं आणि सोलता सोलता विचारलं, "कावं, तो तुकडा खरा की डमी?"

लतिकाने संघपालकडे पाहिलं. "माहीत नाही, आजी."

"मंग माहीत करून घ्या ना वं. मी हाय अजून." आणि मान वर न करता ती म्हणाली, "जवाईबापू, चाय ठेवा तिघाले."

संघपालने चहा ठेवला.

थंडी सुरू झाली आहे. परवानगीचा एक कागद आला आहे, दुसरा यायचा आहे. मुलांचे नवे नमुने अजून घ्यायचे आहेत. तो तुकडा रेघेच्या वर येतो की नाही, ते अजून पाहायचं राहिलं आहे.